राजनंदिनीचं टोपडं

मी टोपडं बोलतोय. हसू नका. तुमच्याही हनुवटीखाली कुणीतरी माझ्यासारख्याच टोपड्याच्या नाड्या बांधल्या होत्या आणि तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं. नाड्या बांधायला घेतल्या की भोकाड पसरायचं, हा तुम्हा सगळ्यांचा शिरस्ता. मी कधी मनावर घेतलं नाही.

माझा जन्म माधवनगरचा. एस्तेरबाईंचे वडील तिथल्या गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि घरात सुताची थोडी रिळं उरली. एस्तेरबाई नर्सिंग शिकून जवळच्याच मिशनच्या छोट्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात लागल्या, तेव्हा त्या सुतातून त्यांनी मला विणलं. पांढरं शुभ्र, कडेला निळी वेल. विणीत एक टाका चुकलाय, पण तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडं नव्या लेकराला पहिलं कापड जुनं घालतात, दुसऱ्या धडधाकट लेकराच्या अंगावरचं. त्यानं आयुष्य वाढतं म्हणे. त्यामुळं मी धुऊन धुऊन विरत गेलो तसा माझा भाव वाढला. आज्या कपाटापाशी येऊन मलाच मागायच्या. शेजारी घडी न मोडलेली चार टोपडी पडून असायची, त्यांना कुणी विचारत नसे. मला थोडी मिजास चढली होती, खोटं कशाला बोलू?

एस्तेरबाईंची एक खोड होती. लेकरू हातात आलं की त्या म्हणायच्या, "या. आलात का? दमला असाल." पाच मिनिटांच्या जिवाला अहो-जाहो! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सातव्या महिन्यात आलेलं मूठभर पोर असो, ओठ फाटलेलं असो, की आई सोडून गेलेली मुलगी असो, सगळ्यांना तेच 'या'. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "देवानं स्वतःसारखं करून धाडलंय. त्याला अरे-तुरे कसं करू?" त्यांचा धर्म मला एवढ्या एका वाक्यातच कळला आणि तो मला फार आवडला.

मग शिवांजली आली. माहेर साताऱ्याकडच्या खंडाळ्याचं, सासर इथलंच, उसाच्या पट्ट्यातलं. नवरा ऋषिराज फौजेत, सरहद्दीवर. पाचव्या महिन्यात माहेरी असताना साताऱ्याला सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की बाळाच्या डोक्याची कवटी वरून भरलेलीच नाही, मेंदूही जेमतेम आहे. असं मूल जन्मलं तरी काही तासच जगतं, उपाय नाही. गर्भपाताची परवानगी कायदा देतो, तेही सांगितलं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनीही काही लपवलं नाही. इथं आम्ही ते करत नाही, पण तुम्हाला करायचं असेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी देते, तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही, असं त्या म्हणाल्या. शिवांजली चिठ्ठी घेऊन गेली. आठ दिवसांनी ती चिठ्ठी तशीच परत घेऊन आली. ऋषिराजशी फोनवर रोज बोलणं झालं होतं आणि त्यानं तिच्यावर सोडलं होतं. ती एस्तेरबाईंना म्हणाली, "पोटात लाथा मारतंय ओ. जोवर हाय तोवर माझंच हाय. मला एकदा त्याचं तोंड बगायचंय, जितं असताना."

एवढंच मागणं होतं तिचं. आडवी आली सासू, अंबूबाई. बाई वाईट नव्हती. सुनेला चार महिने तिनं तळहातावर जपलं. पण तिच्या मनानं घेतलं होतं की असलं लेकरू आईच्या नजरेला पडलं तर जन्मभर तिच्या डोळ्यांपुढून हलणार नाही. तिनं एस्तेरबाईंना बजावून ठेवलं, झालं की फडक्यात गुंडाळायचं आणि माझ्या हातात द्यायचं, तिला दाखवायचं नाही. एस्तेरबाई म्हणाल्या की आईनं मागितलं तर मी नाही म्हणणार नाही. दोघींचं तोंडाला तोंड लागलं नाही, पण अंबूबाई पांढरं फडकं घेऊन दारातच बसली.

दुपारी मुलगी झाली. रडली नाही, पण श्वास होता. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि नळ्या, यंत्रं काही लावायची नाहीत, ऊब द्यायची, असं सांगितलं. जीव आपण घ्यायचा नाही आणि निघालेल्याला ओढून धरून छळायचंही नाही, ही तिथली रीत. एस्तेरबाईंनी लेकरू उचललं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "या. आलात का? दमला असाल."

मग त्यांनी मला घेतलं. माझी कड दुमडून भुवयांपर्यंत ओढली, नाड्या अगदी सैल बांधल्या. माझ्याखाली काय नव्हतं ते मला ठाऊक आहे. ते मी कुणाला सांगणार नाही. बाहेर जे दिसत होतं ते एक गोरंसं तोंड, इवलीशी जिवणी आणि सरळ धारदार नाक.

अंबूबाई फडकं पसरून पुढं आली. तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर गेलीच. हात थांबले. आणि सवयीनंच तिच्या तोंडून गेलं, "टोपडं जुनं हाय न्हवं?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं आपण काय विचारलं ते. जगावं असं वाटतं त्या नातवंडासाठीच आजी हे विचारते. तिनं पसरलेलं फडकं गोळा केलं. एस्तेरबाई हळूच म्हणाल्या, "जुनं आहे आजी. लई लेकरांनी घातलंय."

अंबूबाईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि लेकरू स्वतः उचलून सुनेपाशी नेलं. "घे गं," ती म्हणाली, "तुजी लेक. बापाचं नाक घिऊन आलीया."

शिवांजलीनं तिला छातीशी धरलं. फोनवर ऋषिराज दिसत होता, बर्फातल्या जाड टोपीतला. त्यानं फोन तोंडाजवळ आणून लेकीला न्याहाळलं. मग म्हणाला, "नाव काय ठिवायचं आये?" बारसं बाराव्या दिवशी असतं. तेवढा वेळ कुणाकडं होता? अंबूबाईनं डोळे पुसले आणि नाव सांगितलं. पण कानात सांगायला आत्या हवी, आणि ऋषिराजला बहीण नाही. "बाई," ती एस्तेरबाईंना म्हणाली, "तुमीच व्हा आत्या."

एस्तेरबाईंनी माझी कड बोटभर उचलली आणि त्या इवल्या कानात म्हणाल्या, "राजनंदिनी." आजवर मी शेकडो डोक्यांवर बसलो, पण कुणाचं नाव इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. अभिमानानं माझं सूत न् सूत ताठ झालं.

ती पावणेतीन तास जगली. एक क्षणही ती मांडीवेगळी नव्हती.

मला धुऊन परत आणून देते, असं अंबूबाई म्हणाली. एस्तेरबाईंनी नको म्हणून मान हलवली. आता ते तिचंच, म्हणाल्या. म्हणून मी आज दवाखान्याच्या कपाटात नाही. उसाच्या बांधाखाली, मातीत आहे, तिच्याजवळ. वीण सुटत चाललीय, निळी वेल केव्हाच गेली. तक्रार नाही. इतकं मोठं काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

परवा बांधावर पावलं वाजली. सरकारी दवाखान्याच्या आशाताई गरोदर बायकांच्या नोंदीची वही घेऊन आल्या होत्या. शिवांजलीला पुन्हा दिवस गेलेत. "पहिलीच खेप न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," शिवांजली म्हणाली, "दुसरी. पयली राजनंदिनी."

आशाताईंचा हात थबकला. मी मातीतून विनवलं, लिहा हो ताई, तसंच लिहा. मग पेन चालल्याचा आवाज आला.