माहितीतल्या माणसाला विचारा

पडद्यावरची ती कागदाच्या क्लिपची खूण जराशी डावीकडे कलली होती. राखाडी, नखाएवढी, मेलला फाइल जोडलेली आहे एवढंच सांगणारी. सकाळपासून ती तिला सरळ करत बसली होती, आणि सरळ केली की क्लिप उगाच तोऱ्यात उभी राहिल्यासारखी दिसायची, म्हणून पुन्हा कलती... ह्या असल्या कामाचा पगार देतात होय तुला, असं बाबा एकदा म्हणाले होते. हसत म्हणाले होते. बाबा हसले की फोनवर नुसता श्वास ऐकू येतो, ते हसू आहे हे सवयीनं ओळखावं लागतं — किती दिवसांत ऐकलं नाही ते.

काम तसं सांगायला सोपं. मेलसोबत आलेल्या पीडीएफवर कोणी बोट टेकवलं की पुढे काय व्हावं, हे ठरवायचं. पूर्वी फाइल थेट यंत्रावर उतरायची, उघडायची, आणि तिच्या पोटात काही वाईट दडलेलं असलं तर ते घरभर हिंडायचं. आता तिच्या गटानं मेलच्या आतच एक बंद खोली बांधली होती. फाइल तिथेच उघडते, तिथेच वाचून होते, आतल्या आज्ञा चालत नाहीत, बाहेरचं काही तिच्या हाताला लागत नाही, आणि वाचून झालं की सगळं खोलीसकट पुसलं जातं. फक्त बाहेरून आलेल्या फाइलवर एक पिवळी पट्टी अजून यायची, आणि त्या पट्टीवरचं वाक्य तिनं लिहिलं होतं : खात्री नसेल तर माहितीतल्या माणसाला विचारा. ते राहणार की जाणार, हे आज दुपारच्या बैठकीत ठरायचं होतं. एवढ्याशा वाक्यासाठी माणूस जीव टाकतो का? टाकतो. मी टाकते.

कारण बाबा विचारायचे. जन्मभर कारखान्यांतले बॉयलर तपासत फिरलेला माणूस; बंद वस्तूच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, मग ती औषधाची बाटली का असेना. घरातलं बोलणं सगळं आईकडे. लेकीनं फोन केला की "थांब, आईला देतो" — बाबांची माया एवढ्यातच आटपायची. आई गेली आणि फोन द्यायला कोणी उरलं नाही. मग हिनं फोन करावा, बाबांनी "बोल" म्हणावं, आणि दोघांनी आपापल्या टोकाला गप्प बसावं. "बरे आहात ना?" "मला काय धाड भरलीय?" संपलं. फोन ठेवल्यावर तिला रडू यायचं, आणि रडण्यासारखं तर कोणी काहीच बोललेलं नसायचं.

आणि मग एका सकाळी बाबांचाच फोन. "अगं, एक पीडीएफ आलीय. उघडू का?"

काय दिवस होते ते! आठवड्यातून एकदा तरी. "कुणाकडून आलीय?" "सेक्रेटरीकडून. टाकी धुणार आहेत म्हणे." "मग उघडा की." "नाही, म्हटलं विचारावं." मग ते चष्मा शोधणार, फाइल उघडेपर्यंत फोन तसाच चालू, आणि तेवढ्या वेळात खिडकीतून येणारा वारा, शेजाऱ्याचा भुंकणारा कुत्रा, डावा गुडघा, आईचं शिलाई मशीन कोणाला देऊन टाकावं का... "नका ना देऊ बाबा." "बरं, राहू दे मग." असं काय काय. ती इकडे कामाचा ढीग बाजूला सारून कान देऊन बसायची.

आणि ते सगळं तिनं आपल्या हातानं बंद केलं. बंद खोली तयार झाली तेव्हा पहिला फोन तिनं बाबांना केला होता, आनंदानं नुसती नाचत. "बॉयलरमधलं पाणी बघायला बाहेर काचेची नळी असते ना, बाबा? तसं समजा. आतलं सगळं काचेतून दिसतं, झाकण उघडावंच लागत नाही." बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आता तुला विचारायची गरज नाही."

"मुळीच नाही!"

"छान केलंस," बाबा म्हणाले. आणि त्यानंतर फोन नाही. मध्ये तिनंच दोनदा केला. बोल, बरी आहेस ना, ठेवतो.

बैठकीत दोघेच बोलणारे. सुरक्षेचं बघणारा, ज्याला सगळे कुलूप म्हणत — त्याला जगातलं जे जे उघडं दिसेल ते लावून घ्यायचं असे — आणि गटाची प्रमुख, टिचकी, कारण तिच्या मते कुठलंही काम एका टिचकीत व्हायला हवं. एरवी दोघांचं विळ्याभोपळ्याचं, आज नेमके एक झाले होते.

"लोकांना फाइल वाचायचीय, प्रवचन नको," टिचकी म्हणाली. "आणि विचारतंय कोण?"

"विचारतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "विचारायचे."

"रोज लांडगा आला रे आला म्हटलं की लोक मान वर करून बघतसुद्धा नाहीत," कुलूप म्हणाला. "पट्टी खरंच संशय असेल तेव्हाच यावी. ओळखीचा पत्ता असेल, दर महिन्याला तशीच फाइल येत असेल, तर कशाला? अहो, एकदा सांगितल्यावर तेच पुन्हा कोणी विचारणार आहे का? इतकं कोणी बावळट नसतं."

इतकं कोणी बावळट नसतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. टाकी धुण्याची नोटीस... दर महिन्याला. त्याच सेक्रेटरीकडून. आणि बाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाही, ज्यांना भल्या भल्या इंजिनिअरांनी वचकून असावं ते बाबा, दर वेळी — उघडू का? अगं, फाइल साधीच आहे हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी त्यांना काचेची नळी समजावत होते!

"काढून टाका ते वाक्य," ती म्हणाली. वाक्यामुळे बाबा कधी विचारत नव्हतेच. टिचकीनं चमकून पाहिलं. तिनं भांडणाची पूर्ण तयारी केली असावी.

संध्याकाळी घराचा जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबली आणि फोन काढला. पण म्हणायचं काय? ते "बोल" म्हणाले की पुढे काय? आठवण येते म्हणावं? आमच्यात असलं कोणी बोलत नाही, जीभच उचलत नाही. काहीतरी काम हवं. गीझर? मेला व्यवस्थित चालतोय. दार कुरकुरतं, पण बाबा म्हणतील तेल घाल, आणि ठेवतील. तिनं मेल उघडली, एकेक वर सरकवू लागली — हे नको, ह्यात विचारण्यासारखं काही नाही. हे बरं आहे, पण ऐकताक्षणीच कळेल त्यांना... आणि तिचा अंगठा थांबला. असेच बसत असतील का? चष्मा कपाळावर, वाचून झालेल्या मेल पुन्हा चाळत, त्यातल्या त्यात विचारण्यालायक एखादी शोधत, विचारताना किती लाजत... आणि मी म्हणाले, मुळीच नाही.

तिला बाबांचा संताप आला. सरळ तोंडानं बोलत का नाही हा माणूस! पाय आपटून तिनं पुढची पायरी घेतली, आणि तिथंच पुन्हा थांबली, कारण फोन तर तिच्याही हातात होता आणि तिच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. वरच्या मजल्यावर कोणीतरी दार लावून घेतलं. ती पायरीवर बसली, बाबांचा नंबर समोर घेऊन, हाताशी एकही निमित्त नसलेली, आणि ह्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं इतकी त्यांची मुलगी.