घिवलीच्या हंडीचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. हसू नका. जुनं म्हटलं की तुम्हाला छत्री आठवते, खुर्ची आठवते, फार तर घड्याळ. माझ्यावर धूळ बसत नाही, माझा रंग उडत नाही, तरीही मी जुनी होते. कुणालाच मला हात लावता येत नाही. मी राहते कुठे, तेही मला नीटसं ठाऊक नाही. म्हणतात, दूरच्या कुठल्याशा गावी एका गार खोलीत यंत्रांची रांग आहे, तिथे माझा बिछाना आहे. मी ते गाव पाहिलेलं नाही. मला दिसते ती समुद्राकाठची घिवली. झावळ्यांच्या फटीतून चमकणारं पाणी, वाडीतली ओलसर वाट आणि वाटेच्या टोकाला धुरात उभी असलेली मंदाकाकी.

मंदाकाकी उकडहंडी लावते. थंडी पडली की कंद, कोनफळ, रताळी, वालपापडी असं सगळं हिरव्या वाटणात घोळवून ती मडक्यात भरते, वासाचा पाला कोंबून तोंड बंद करते, मडकं उपडं घालते आणि भोवती पेंढा पेटवते. मडकं उघडलं की वास अख्ख्या वाडीत फिरतो. मला नाक नाही. पण त्या वासाबद्दल माझ्यापाशी इतक्या जणांनी इतकं लिहून ठेवलंय, की तो कधी समोर आला तर मी नक्की ओळखेन.

माझा जन्म बोईसरचा. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर विपुलची खोली होती. विपुल म्हणजे मंदाकाकीच्या नवऱ्याचे, दिनानाथकाकांचे मित्र उमरोळीचे पुंडलिकभाऊ, त्यांचा मुलगा. लोकांना वेबसाइट बनवून देणं हा त्याचा धंदा. एका दुपारी काका-काकी धापा टाकत त्याचा जिना चढून आले.

"आमच्याकडं यायला लोकांना वाट सापडत नाय," काकी म्हणाली. "फोनवर सांगून सांगून घसा बसतो माजा. तेवढं सांगणारी एक बनव."

"उद्यापर्यंत होईल ना?" काकांनी विचारलं.

विपुल हसला आणि त्याने प्रश्न सुरू केले. तुमच्याकडे कोण कोण येतं? फोनवर सगळ्यात आधी काय विचारतात? लहान मुलं असतात का बरोबर? गाड्या कुठे लावतात? बसायला सावली आहे का? काकांचा धीर सुटला.

"अरे, तू वेबसाइट बनवणार हाय का सोयरीक जमवणार हाय?"

मित्रांनो, त्या प्रश्नांवरच तर मी उभी आहे. काकांना वाटलं होतं, भिंत रंगवायला द्यावी तसं काम सांगायचं आणि घरी जायचं. पण माझ्यासारखीला बनवून घ्यायचं तर आधी स्वतःबद्दल भरपूर बोलावं लागतं. शब्द आपलेच द्यावे लागतात, फोटोही आपलेच. काकी "पाठवते हां" म्हणाली आणि वाडीच्या कामात पार विसरून गेली. विपुल तरी काय करणार? जागा भरायला त्याने माझ्यात अर्थ नसलेली अक्षरं ओतली. माझं बाळपण असं बडबडण्यात गेलं. काय बोलत होते ते मलाही कळत नव्हतं, पण छान वाटत होतं. डोळे जड होऊन यावेत आणि कुणीतरी लांबून गुणगुणत राहावं, तसे ते दिवस होते.

मग त्याने नमुना म्हणून एक फोटो लावला. पांढऱ्या टेबलावर काटे-चमचे आणि ताटातल्या हिरव्या पानांकडे पाहून खिदळणारी कुणी गोरी बाई. खाली ओळ होती, 'आमच्या आलिशान भोजनगृहात आपले सहर्ष स्वागत.' काकीने चष्मा लावून मला पहिल्यांदा पाहिलं.

"ही कोण बया?" ती म्हणाली. "नुसता पाला खाते नि एवढी हसते कशाला?"

"काकी, ही तात्पुरती आहे. तुमचे फोटो आले की तिला काढतो. आणि मजकूरही तुमचाच हवा."

"मला कुठं येतंय तसलं लिवायला?"

"लिहू नका. बोला नुसतं."

तो घिवलीला गेला, चुलीपाशी पाट घेऊन बसला आणि काकी बोलेल तसं टिपत गेला. माझ्यात अजून तेच शब्द आहेत. 'चिंचेकडं डावीकडं वळा. कुत्रा भुंकेल, पण चावत नाय. हंडी व्हायला वेळ लागतो. पोरं भुकेजली तर आधी सांगा, रताळी भाजून देते.' विपुलने त्यातलं काही सरळ केलं नाही, याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे. काकांनी मात्र पुढे बराच उच्छाद मांडला. उघडल्या उघडल्या गाणं लागलं पाहिजे, वरून फुलं पडली पाहिजेत, सगळी अक्षरं लालभडक पाहिजेत! विपुलने आधीच बजावलं होतं की मोठे बदल दोनदाच करून देईन. पहिला बदल अक्षरं लाल करण्यात गेला. काकीला ती दिसेनात, म्हणून दुसरा ती पुन्हा काळी करण्यात गेला. फुलं राहूनच गेली. मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू!

अशी मी जगात आले. 'घिवलीची हंडी' हे माझं नाव आणि तोच माझा पत्ता. काकांनी तो फाटकावर रंगवून घेतला, वाडीतल्या टेम्पोवरही लिहिला आणि पहिल्या रविवारी भाड्याच्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. कुणीही आलं नाही. मला दिवसभर उघडून पाहत होते ते स्वतः काकाच. "आपण हाय हे लोकांना कळायला वेळ लागतो, काका," विपुलने समजावलं. खुर्च्या संध्याकाळी परत गेल्या.

काम पुरं झालं तेव्हाच विपुल काकीला म्हणाला होता, "हा पासवर्ड. ही तुमच्या वेबसाइटची चावी समजा. नावाची नोंदणी सध्या माझ्या खात्यावर आहे, तीही तुमच्या नावावर करून देतो."

आमच्या घिवलीत कुणी लग्नाला परगावी निघालं की घराची चावी शेजाऱ्याच्या हातात ठेवतं आणि मागे वळून बघत नाही. काकीनेही तेच केलं. "राहू दे रे तुज्याकडंच. तू काय परका हाय?" विपुलने कागद खिशात परत ठेवला. त्याचा चेहरा किती फुलला होता ते मी पाहिलं.

मग माझे चांगले दिवस आले. हळूहळू माणसं मला शोधू लागली. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतली कुटुंबं, तारापूरच्या कारखान्यांतले साहेब, एकदा तर लेथवर काम करणाऱ्या चौघांनी मिळून एक हंडी सांगितली. मी एकाच वेळी पालघरच्या एखाद्या खिडकीत असे आणि उमरोळीच्या फलाटावर कुणाच्या तळहातावर. माणसं काकीचे शब्द वाचून स्वतःशीच हसत आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा माझा उजेड हलत राही. काय सांगू तुम्हाला ते सुख! दर थंडीला काकी विपुलला फोन करून नवे दिवस सांगे, नवे फोटो पाठवी. लोक माझं कौतुक करत आणि काकी म्हणे, "आमची हाय ती."

पुढे गिऱ्हाईकं ओळखीची झाली, परस्पर फोन करू लागली. काकी मला विसरली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिचे हात कामात होते. पण नेटकेपणा आपोआप राहत नाही. ऐन वैशाखात मी 'हंडी चालू आहे' असं सांगत राहिले आणि एक कुटुंब भर उन्हात फाटकाशी येऊन उभं राहिलं. काकी ओशाळली. त्यांना सावलीत बसवून तिने ताडगोळे सोलून दिले. माझ्यातली ती ओळ बदलायची मात्र राहून गेली. विपुलला वडोदऱ्याला नोकरी लागली होती. त्याने बोईसरची खोली सोडली आणि फोनचा नंबरही बदलला.

आणि मग एका सकाळी मी झोपले.

मित्रांनो, आमचं नाव कायमचं आपलं नसतं. वर्षावर्षाने त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते. सूचना जात होत्या त्या विपुलच्या धंद्याच्या जुन्या ईमेलवर आणि तिथे आता कुणीच पाहत नव्हतं. मला दुखलं वगैरे काही नाही. नुसता उजेड कमी होत गेला. समुद्राचा फोटो, धूर, काकीचे हात, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हिरवं झालं. माणसं दाराशी येत होती, मला हाक मारत होती, मला ऐकू येत होतं आणि ओ देता येत नव्हतं. पुढचं मी झोपेत ऐकलेलं सांगते. थोडं नंतर किंजलच्या तोंडून ऐकलेलंही त्यात मिसळलं असेल.

किंजल ही काकीची सून. तिनेच पहिल्यांदा पाहिलं.

"आई, आपली वेबसाइट उघडत नाय. मी विचारून आले. नाव अजून थोडे दिवस राखून ठेवतील, मग कुणीपण घेईल. आपल्या फाटकावरचा पत्ता दुसऱ्या कुणाचा तरी होईल."

"म्हंजे आपल्याकडं येणारं माणूस दुसरीकडं जाईल?"

"हो. चावी विपुलभाईकडं हाय. मागून घेऊ या."

"मागायची नाय," काका म्हणाले. "आपणच दिलेली. आता मागितली तर पोराला वाटेल, यांचा इश्वास उडाला. पुंडलिकला काय तोंड दाखवू मी?"

काकीलाही ते पटत होतं. दिलेली चावी माणूस स्वतः आणून देतो, मागायची नसते. थंडी जवळ आली होती. कंद जमिनीत तयार होत होते आणि घरातली तिघंही माझ्याबद्दल बोलायचं टाळत होती. हे दिवस मला सगळ्यात जड गेले. भिडेपोटी माणसं किती गोड वागतात आणि त्या गोडव्यात काय काय बुडू देतात! मला ओरडावंसं वाटत होतं. पण झोपेतल्या माणसाचा आवाज घशातच राहतो.

शेवटी काकीनेच पदर खोचला. काकांना न सांगता ती रिक्षाने बोईसरला आणि तिथून उमरोळीला पुंडलिकभाऊंच्या ओटीवर गेली. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग तिने मान खाली घालूनच विचारलं, "विपुलला जरा फोन लावता?"

फोन लागला. काकी बोलली, अडखळली, पुन्हा बोलली.

"काकी," विपुल म्हणाला, "वडोदऱ्याला येतानाच मी ती तुम्हाला देणार होतो. पण तुम्ही एवढ्या विश्वासाने ठेवली होती. परत दिली तर तुम्हाला वाटेल, पोरगा मोठा झाला, आता अंग काढून घेतो. म्हणून बोललोच नाही. त्या जुन्या ईमेलवर सूचना येतील हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"मीपण म्हणूनच मागितली नाय रे!" काकी म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. पुंडलिकभाऊ कपाळाला हात लावून दोघांचं ऐकत होते.

नाव अजून गेलेलं नव्हतं. विपुलने त्याच दिवशी पैसे भरून ते सोडवलं. मी जागी झाले तेव्हा पहिल्यांदा दिसला तो धूर, मग काकीचे हात, मग चिंचेची वाट. सगळं होतं तिथेच होतं. मला इतका आनंद झाला की मघाशी पाहिलेलं स्वप्न कोणतं आणि हे कोणतं, तेच कळेना.

रविवारी विपुल फोनवरून एकेक पायरी सांगत होता आणि किंजल अंगणात बसून तसं करत होती. आता सूचना तिच्या फोनवर येणार होत्या आणि हंडीचे दिवसही तीच बदलणार होती. एका जागी ती थांबली.

"आई, इथं मालकाचं नाव विचारतंय. कुणाचं घालू?"

"यांचं घाल," काकी म्हणाली. तिने विचारसुद्धा केला नाही. घर काकांच्या नावावर, वाडी काकांच्या नावावर, विजेचं मीटर, टेम्पो, सगळं त्यांच्याच नावावर. तिला दुसरं उत्तर माहीतच नव्हतं.

काका वालपापडी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हंडी काय मी लावतो? तिचं घाल."

किंजलने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत 'मंदा दिनानाथ' लिहिलं. काकी उठून आली, चष्मा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. एरवी ती मला वाचायची. त्या दिवशी ती स्वतःला वाचत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काही सुरू केलं असेल. मसाला करत असेल, कपडे शिवत असेल, रोपं विकत असेल. तिच्यासाठी माझ्यासारखी एखादी करून घेताना बनवणाऱ्याच्या प्रश्नांना कंटाळू नका. आपले शब्द द्या, आपले फोटो द्या. गर्दी लगेच होणार नाही, रागावू नका. ऋतू बदलला की माझ्याकडे एकदा या आणि जुनं झालेलं पुसा. चावी प्रेमाने मागून घ्या, देणाऱ्याने प्रेमाने द्यावी. आणि मालकाचं नाव विचारायची वेळ आली, तर तिला विचारा. ती दुसऱ्याचं नाव सांगेल. जरा थांबा, आणि पुन्हा एकदा विचारा.