कर्लू परतल्याची नोंद

डिस्क भरल्याचं रेडिओखोलीतल्या संगणकानं सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. दुपारनंतर दक्षिणेचं वादळ यायचं होतं, शेवंड पकडणाऱ्या सहा बोटी बाहेर, आणि हा बेटा नवीन बोलणं नोंदवायला तयार नाही! बुडणाऱ्या बोटीनं सांगितलेलं ठिकाण एकदा ऐकून कुणाला कळतं? नोंद परत परत ऐकावी लागते.

सगळ्या फाइलींची बेरीज केली, तर निम्मी डिस्कसुद्धा भरेना. मग बाकीची जागा काय चोरानं नेली? उघड्या फाइलींची यादी मागितली. पुसलेली, तरीही उघडी अशी एकच फाइल होती: कर्लू.

ती मीच पुसली होती, तीन वर्षांपूर्वी. कर्लू ही लायलची बोट. सकाळी निघाल्याची नोंद झाली, परतल्याची झालीच नाही. त्याची बायको डेल्विन इथंच माझ्याबरोबर रेडिओवर बसते. त्याचा आवाज ऐकत झुरेल म्हणून मी फाइल पुसली आणि काही नोंदलंच गेलं नाही, असं तिला ठोकून दिलं. पण आमच्याकडे प्रत्येक बोटीचं एक बटण असतं, ते दाबलं की बोलणं तिच्या फाइलीत जातं, आणि बोट परतल्याची नोंद होईपर्यंत प्रोग्राम ती फाइल सोडत नाही. नाव पुसलं तरी जागा अडलेलीच राहते. आणि हे यंत्र तीन वर्षांत कुणी बंद केलं नव्हतं.

पण ती एवढी फुगली कशानं? मी शेवटचा भाग लावला. खरखर. मग डेल्विनचा आवाज, अगदी हळू. "कर्लू, कर्लू. लायल, ऐकतोयस ना?"

आणि टक, टक.

लायल मुलखाचा घुमा. 'ऐकलं' म्हणायचाही त्याला कंटाळा, नुसतं माइकचं बटण दोनदा दाबायचा. मी कालचं ऐकलं, परवाचं ऐकलं. तिची हाक, टक टक, मग तासन्‌तास खरखर.

"सापडलं वाटतं," दारातून डेल्विन म्हणाली.

"डेल, ती फाइल मी पुसली होती. खोटं बोललो तुझ्याशी."

"ठाऊक आहे रे म्हाताऱ्या. तुला खोटं बोलायला कुठं येतं? रोज पाचला कर्लूचं बटण दाबून बसते मी."

"विजेची खरखर असेल ती."

"असू दे की."

"थांब, बंद केली की फाइल कायमची जाईल. आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. त्याचं शेवटचं बोलणं आहे त्यात. अर्धा तास लागेल."

तेवढ्यात रेडिओ ओरडला. पेट्रल बोट, पोरगेला आवाज, "पाणी शिरतंय," पुढचं सगळं वाऱ्यात गेलं.

मी खुर्चीतून हललो नाही. कर्लूची फाइल बंद करणं माझ्याच्यानं होईना. डेल्विननं मला बाजूला सारलं, माइक उचलला. "कर्लू परतली. वेळ एक चाळीस." आणि नोंद बंद केली. निम्मी डिस्क क्षणात मोकळी झाली.

"पेट्रल, ठिकाण पुन्हा सांग बाळा," ती म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही.

ते बोलणं आम्ही चारदा ऐकलं, तेव्हा कुठं ठिकाणाचे आकडे लागले. पेट्रलवरचे दोघंही जिवंत आले.

पाचला तिनं कोट चढवला आणि रेडिओकडे न बघता गेली. मी भीतभीत बटण दाबलं. "कर्लू, कर्लू."

बराच वेळ वाट बघितली. नुसती खरखर होती, आणि ती मला ऐकवेना.