बँडवाल्या आजोबांचा गाल

मी दातांच्या दवाखान्यातला एक जुना हातआरसा आहे. कारखान्यात माझ्या पाठीला चकाकी चढली, खाली लाकडी मूठ बसली आणि मी डॉक्टरबाईंकडे आलो. मित्रांनो, बाईंची एक रीत आहे. त्या कुणावर रागावत नाहीत. मला पेशंटच्या हाती देऊन म्हणतात, "तुमचं तोंड, तुम्हीच बघा."

एकदा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आजोबा नातीबरोबर आले. गालात तंबाखूची गोळी ठेवायची त्यांची जुनी सवय. नेमक्या त्याच जागी पांढरा डाग पडला होता. आजोबांना वाटले, दंतमंजन साचले आहे. म्हणून ते रोज ब्रशने खसाखसा घासत होते.

"आजोबा, तो गाल आहे, पितळी भांडं नव्हे," बाई म्हणाल्या. "घासून हा डाग जायचा नाही. तंबाखू सोडलीत तर जाईल अशी आशा आहे. चालू ठेवलीत तर पुढे कॅन्सरही होऊ शकतो."

आजोबांनी मला मांडीवर ठेवून विचारले, "आणि माझं वाजवणं?"

"तेच तर वाचवायचंय. तलफ आली की ट्रम्पेट तोंडाला लावा. आणि मी बोलावीन तेव्हा गाल दाखवायला या."

"नाही आले तर मी ओढून आणीन," नात म्हणाली.

काही दिवसांनी आजोबांऐवजी त्यांच्या घरच्या आजीच तावातावाने आल्या. "बाई, औषध जरा हलकं द्या. यांनी पहाटेपासून घर डोक्यावर घेतलंय. शेजारी विचारतात, लग्न कुणाचं?"

बाई हसल्या, पण औषध काही बदलले नाही.

पुढे दवाखान्यात कॅमेरा आणि मोठा पडदा आला. माझी रवानगी खणात, कापसाच्या बोळ्यांशेजारी झाली. तिथे मला एकच घोर लागला होता. आजोबांचा डाग गेला असेल का?

एका सकाळी खण उघडला. "पडद्यावर कुणाचाही गाल दाखवाल. मला तो आरसाच द्या," आजोबा म्हणत होते. त्यांनी मला हाती धरले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आजोबा, बघा तरी," नात म्हणाली.

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. माझ्यात स्वच्छ गुलाबी गाल दिसत होता.

"डाग गेलाय," बाई म्हणाल्या. "पण तपासायला येत राहायचं."

"मग आता वाजवणं थांबेल ना?" आजींनी विचारले.

आजोबांनी उत्तरादाखल पिशवीतून ट्रम्पेट काढून तोंडाला लावला. बाहेर दाढ धरून बसलेली माणसेही माना डोलवू लागली.

आता मी पडद्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या गालात तंबाखू असेल, तर भांडू नका. हाताला धरून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या. आरशाला खोटे बोलता येत नाही, पण चांगली बातमी सांगायला त्यालाही फार आवडते.