एकतीस पदकं

आमच्या धाकट्या रोवेनाचा बाप्तिस्मा झाला ते साल १९८३. त्याच फेब्रुवारीत माझ्या नवऱ्यानं, सेल्मोनं, पोतोतान गावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पदकांवर आणि ट्रॉफ्यांवर नावं कोरायचं यंत्र मांडलं.

यंत्र सोपं होतं. पितळी अक्षराच्या खाचेतून एक टोक फिरवायचं, की दुसऱ्या टोकाची सुई तेच अक्षर पदकावर बारीक कोरते. फिरवणं मला जमायचं. वाचणं नाही. शाळा मी आतून पाहिलीच नव्हती.

पहिलं मोठं काम गावच्या शाळेचं आलं. मार्चअखेरच्या समारंभात आई किंवा बाप मंचावर चढून मुलाच्या छातीला स्वतः पदक लावतात. आदल्या वर्षी शहरातल्या दुकानानं बिननावाची पदकं पाठवली होती, आया रडल्या होत्या. म्हणून यंदा शाळेतल्या शिक्षिका साल्सेदोबाई आमच्याकडे आल्या. हे काम नीट गेलं तर आसपासच्या शाळा मिळतील, नाहीतर यंत्र विकायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

समारंभाला चार दिवस उरले असताना धातूचा कण उडून सेल्मोच्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

मी मुलांच्या नावांची यादी घेऊन बसले. बाईंचं अक्षर वळणदार, एकाला एक जोडलेलं. डब्यातली पितळी अक्षरं ताठ आणि सुटी. काही म्हणता काही जुळेना. दुपारी बाई काम पाहायला आल्या, तेव्हा एकही पदक झालं नव्हतं.

"बाई, काम परत घ्या," मी म्हटलं. "मला वाचता येत नाही."

बाई बोलायच्या आत खाटेवरून सेल्मो ओरडला, "परत कशाला? माझे डोळे बांधलेत, बोटं नाही. डबा आण इकडे!"

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक अक्षर सांगू लागल्या. सेल्मो चाचपून ते डब्यातून काढी, मला देई, मी कोरी.

"हात चालव, सेल्मो. माझ्या वर्गातही असाच रेंगाळायचास."

"तेव्हा तुमच्या हातात छडी असायची, बाई. आता आमचा चिकट भात खाताय."

"भात छान आहे. छडीही आणते उद्या."

दुसऱ्या दिवशी विसाव्या पदकाला बाईंनी अक्षर सांगितलं. सेल्मोनं डब्यातल्या त्या अक्षराच्या खणात हात घातला, तर खण रिकामा.

"गेलं कुठं?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "मीच ओळखून उचललं."

मग त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. "आता माझं काय काम? झोपतो मी."

झोपला मात्र नाही. उरलेली पदकं होईपर्यंत गालातल्या गालात हसत बसून राहिला.

एकतीसही पदकं वेळेवर गेली. पुढच्या वर्षी चार शाळा आल्या, मग बास्केटबॉलच्या स्पर्धा, मग दुसरं यंत्र. याद्या मीच वाचू लागले, हळूहळू बाईंचं जोडलेलं अक्षरसुद्धा.

साल्सेदोबाई १९९८ च्या मे महिन्यात वारल्या. सेल्मो २०१२ च्या ऑगस्टमध्ये, नऊ तारखेला सकाळी.