कॅसेटमधली जीप

मुसाची जीप होती वीतभर, पण तिचा पसारा घरभर. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचे पातळ तुकडे, खिडकीत वाळत ठेवलेली चार चाकं, फ्रिजवर पुट्टीची ट्यूब, आणि आमनाच्या शिवणाच्या डब्यात, सुयादोऱ्यांच्या मधोमध, वाटाण्याएवढं स्टिअरिंग.

"हे इथं काय करतंय?" तिनं विचारलं होतं.

"तुझ्या डब्यातलं काय हरवत नाय," मुसा मान वर न करता म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं कुवेतला गाड्या चालवून मुसा चार वर्षांपूर्वी रोह्याला कायमचा परतला होता. आल्यावर काही दिवस नुसता सोप्यात बसून असायचा. बसल्या बसल्या पाय ब्रेक शोधायचा. मग पुतण्यानं आणून दिलेली एक खेळण्याएवढी गाडी त्यानं जोडली, घासली, रंगवली, आणि त्याला नाद लागला. तिकडं चालवलेली एकेक गाडी तो हातानं घडवू लागला. पाण्याचा टँकर. शाळेची बस. मालकाची लांबलचक काळी मोटार. कुठल्या दाराला कुठं चरा होता तेसुद्धा त्याच्या ध्यानात. पाहुणे आले की कपाटाची काच सरकवून सांगायचा, "खऱ्या गाडीचे चोवीस वाटे करा. त्यातला एक वाटा म्हणजे ही."

आमना मऊ कुंचल्यानं त्या गाड्यांवरची धूळ झटकायची. झटकता झटकता एकदा तिच्या मनात आलं होतं, दोन वर्षांतून एक महिना घरी यायचा हा माणूस. आपल्यालाही चोविसातला एकच वाटा मिळाला की. हे ती कुणाला बोलली नाही. धूळ झटकली आणि काच लावून टाकली.

पण ही जीप मुसानं कधी चालवली नव्हती, पाहिलीही नव्हती. लेक अफिफा जन्माला यायच्या दिवशी आमनाला ज्या गाडीतून दवाखान्यात नेलं, ती ही. अफिफा शुक्रवारी येणार होती, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन, पहिल्यांदाच. तिच्या हातात ही जीप ठेवायची आणि सगळी गोष्ट सांगायची, असं मुसानं ठरवलं होतं.

न पाहिलेली गाडी घडवायची कशी? तर कॅसेटवरून.

तेव्हा फोन महाग, आणि पत्रात माणसाचा आवाज नसतो. म्हणून घरोघरी कॅसेट भरायचे आणि कुवेतला निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत द्यायचे. अफिफा वीस दिवसांची असताना आमनानं अशी कॅसेट भरली होती. ती मुसानं एकतीस वर्षं जपली. आता तो टेप टेबलावर ठेवून जीप घडवत होता. थोडं ऐकायचा, थांबवायचा, मागं न्यायचा, पुन्हा ऐकायचा. स्वयंपाकघरात तांदूळ निवडणाऱ्या आमनाला आपलाच बाविशीतला आवाज ऐकू यायचा.

'गाडी एकदम चांगली मिळाली. पांढरी जीप, नवीकोरी. काचा लावलेल्या, धूळ पण आली नाय. आरामात पोचलो. दवाखान्यात तासाभरात मोकळी झाले. तुम्ही काय काळजी करू नका.'

टक्. मागं. 'पांढरी जीप, नवीकोरी.' टक्.

त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आणि हे जाणणारी आता आमना एकटीच उरली होती.

चार दिवस ती सांगेन सांगेन म्हणत राहिली. मुसा खिडक्यांच्या काचा कापत होता, नखाएवढ्या, एकेक पारखून. काच बसली की अंगठीत हिरा बसवावा तसा खूश व्हायचा. त्याचं ते तोंड बघितलं की ती पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. पण शुक्रवारी हेच लेकीला सांगितलं जाणार. मग लेक ते तिच्या लेकीला सांगणार. आमनाचा तो दिवस कायमचा पुसला जाणार, आणि तोही तिच्याच आवाजानं.

बुधवारी सकाळी मुसा रंग मारून घ्यायला पेणला निघाला. आमना म्हणाली, "मी पण येते."

"तुझं काय काम गो तिकडं?"

"काम नाय. येते."

पेणला महिपतीचा गणपतीचा कारखाना होता. महिपती आणि मुसा कोलाडच्या शाळेत एका बाकावरचे. एक मूर्तिकामाला पेणला गेला, दुसरा दर्या ओलांडून गेला, पण दोस्ती टिकली. मुसाच्या सगळ्या गाड्यांना रंगाचा हात महिपतीचाच. फवारणीचं यंत्र त्याच्याकडं होतं, आणि नजरही. शेडमध्ये पांढऱ्याफटक मूर्तींच्या रांगा होत्या. त्यांतल्या दोनचार मूर्तींना अंगाचा रंग चढला होता, डोळे अजून कुणालाच नव्हते.

"या भाभी, आज तुम्ही पण?" महिपतीनं स्टूल पुसून पुढं केलं. "बरं झालं. हा माणूस माझ्याकडं येतो नि तासभर नुसत्या बंपरबद्दल बोलतो. आमच्याकडं बाप्पा पण एवढे नखरे करत नाय."

"तू रंग काढ," मुसा म्हणाला. "पांढरा. नवीकोरी दिसली पाहिजे."

"मोत्याची चमक टाकू?"

"थोडी टाक."

महिपतीनं जीप काडीवर अडकवली, काचांवर चिकटपट्टी लावली, फवारणीच्या पिस्तुलात रंग भरला. उजेडाकडं धरून जीप एकदा फिरवली. "काय काम केलंस रे मुशा. दाराची मूठ पण."

त्यानं पिस्तूल उचललं.

"पांढरी नव्हती," आमना म्हणाली.

महिपतीचा हात थांबला. मुसा हसला. "अगो, तूच सांगितलंस. कॅसेटवर हाय."

"कॅसेटवर हाय. पण पांढरी नव्हती."

"मग कुठल्या रंगाची?"

"रंगच नव्हता." आमना मूर्तींकडं बघत बोलत होती. "कधीतरी हिरवी असेल. पुढं गंजावर मारतात तो तांबडा रंग फासलेला. आपण तेव्हा खांब गावात होतो ना, तिथल्या काळुरामची जीप. लाकडं वाहायचा तो. काचा नव्हत्या. दारं पण नव्हती. वर फाटकी ताडपत्री."

महिपतीनं पिस्तूल हळूच खाली ठेवलं.

"पहाटेपासून कळा येत होत्या. तुमच्या आई म्हणाल्या, पहिलटकरीण हाय, वेळ लागतो, थांबू. थांबता थांबता दुपार झाली. मे महिना. मग गाडी मिळेना, काळुरामची मिळाली. त्याची बायको शांती सोबत आली म्हणून मी आज इथं हाय. कोलाडच्या अलीकडं अफिफा झाली. गाडीतच. काळुराम रस्त्यात पाठमोरा उभा राहून दोन्ही हातांनी ट्रक थांबवत होता. दवाखान्यात गेलो ते नंतर, लेक फडक्यात गुंडाळून."

"आणि कॅसेट?" मुसाचा आवाज बारीक झाला होता.

"कॅसेट भरताना तुमच्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझा हात घट्ट धरलेला, शेवटपर्यंत सोडला नाय. मग मी काय सांगू? आणि तुम्ही तिकडं ऐकून काय करणार होता? गाडी वळवून येणार होता?"

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शेडमधल्या मूर्ती हलक्या थरथरल्या. मुसानं काडीवरची जीप हातात घेतली आणि अंगठ्यानं तिच्या दाराची कड चाचपत राहिला, जसा एखादा माणूस लेकराच्या कपाळाचा ताप बघतो.

"मी तिकडं रोज ऐकायचो," तो म्हणाला. "खोलीत आठजण होतो. सगळ्यांना पाठ झाली होती. शेवटी तू हसतेस, तिथं तर सगळे गप होऊन ऐकायचे." तो थांबला. "ते हसणं पण खोटंच गो?"

"नाय," आमना म्हणाली. "ते खरं हाय. अफिफानं तुमच्या आईची मांडी भिजवली. आई ओरडल्या पण नाय, कॅसेटवर येईल म्हणून. तोंड असं दाबून बसल्या." तिनं तोंड दाबून दाखवलं.

महिपतीनं मान वळवली, पण त्याचे खांदे हलत होते. मुसाही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ते पुसायला हात मोकळा नव्हता. हातात जीप होती.

मग त्यानं दार धरलं आणि मोडलं. कट् आवाज झाला. दुसरं मोडलं. चार दिवस खपून कापलेल्या काचा एकेक करून नखानं उचकटल्या आणि टेबलावर ठेवल्या. टपाशी आल्यावर थबकला.

"ताडपत्री कुठं फाटली होती?"

"मागं. डाव्या बाजूला. तिथून मला आभाळ दिसत होतं."

"केवढी फाटलेली?"

आमनानं दोन्ही हात पसरून दाखवलं. मुसानं अंदाज घेतला, मनात चोवीसनं भागलं आणि बोटाच्या पेरावर नखानं खूण केली. "एवढी?"

"अजून थोडी."

"आणि खाली काय होतं? तू कशावर निजलीस?"

"पेंढा. वर काळुरामची घोंगडी."

"घोंगडीचा रंग?"

ती सांगत गेली, तो विचारत गेला. चाक गुळगुळीत होतं का, शांती कुठल्या बाजूला बसली होती, हॉर्न वाजत होता का. एकतीस वर्षांत कुणी तिला यातलं काही विचारलं नव्हतं. महिपतीनं पांढरा रंग परत डब्यात ओतला, हिरव्यात काळा मिसळला, त्यात चिमूटभर माती टाकली आणि वाटी आमनापुढं धरली.

"असा होता, भाभी?"

"अजून उडालेला."

त्यानं अजून माती टाकली.

"अफिफाला शुक्रवारी तूच सांग," मुसा म्हणाला. "मला धड येणार नाय. कुठं काय राहिलं तर?"

"सगळं सांगू?"

"सगळं सांग. का, काय राहिलंय अजून?"

आमनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खांबपासून कोलाडपर्यंत मी तुम्हाला शिव्या घालत होते. नाव घेऊन."

मुसानं दुसरं स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.

"कुठल्या?" तो म्हणाला.

महिपती वाटी घेऊन उठला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.