तळ्याकाठच्या बंबाला न पचलेली वही

मित्रांनो, आधी एक खुलासा करतो. आग लागली की घंटा बडवत रस्त्याने धावतो, तो बंब मी नव्हे. तो माझा दूरचा भाऊ. जरा काही झालं की गावभर आरडाओरडा करणारा. मी आपला न्हाणीघरातला, जुना, तांब्याचा बंब. पोटातल्या नळीत विस्तव, विस्तवाभोवती पाणी, पुढे एक तोटी आणि खाली तीन पाय. पैकी एक पाय आखूड आहे, म्हणून खाली कौलाचा तुकडा लावतात. ही माझी ऐट आहे, व्यंग नव्हे.

माझा जन्म मुंबईत तांबाकाट्याला झाला. ज्या तांबटाने मला घडवलं, त्याने माझ्यावर एक लाख ठोके घातले. खोटं वाटत असेल तर मोजून पाहा, अंगावर खुणा आहेत. शेवटचा ठोका घातला तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, नळीला बारीक भोक राहिलंय." तांबट म्हणाला, "राहू दे रे, श्वास घ्यायला लागतं." तो आळशी होता की शहाणा, हे मला दहा वर्षं कळलं नाही.

तिथून मला अनंतरावांनी विकत घेतलं. अनंतराव कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः जन्मात एक पोस्टकार्डसुद्धा धड पुरं केलं नव्हतं, पण लिहिणाऱ्यांवर त्यांची भारी माया. पवईच्या तळ्याकाठी त्यांचं एक कौलारू घर होतं. तिथे त्यांनी चार खोल्या लिहिणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या. भांडुपला उतरायचं, बैलगाडी मिळाली तर बसायचं, नाहीतर चालायचं. यावं, राहावं, लिहावं. कधी उठायचं, कधी लिहायचं, लिहायचं की नुसतं तळ्याकडे बघायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. सकाळच्या न्याहारीपासून दिवे लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि दारावर एक पाटी होती: "येथे कोणी कोणास 'किती झालं?' असे विचारू नये."

न्हाणीघराचा कायदा मात्र निराळा होता. आंघोळीचं पाणी ज्याने त्याने आपल्या रद्दीवर तापवायचं. म्हणजे काल लिहून फाडलेली पानं सकाळी माझ्या नळीत घालायची, वर चार ढलप्या टाकायच्या आणि पाणी काढायचं. त्यामुळे मी मराठीतलं न छापलेलं साहित्य जेवढं पचवलंय, तेवढं कुणी वाचलेलं नाही. कविता झटकन पेटते, पण पाणी कोमटच राहतं. नाटक पेटताना तडतडतं. टीकालेखाचा नुसता धूर होतो. खरी ऊब कादंबरीची!

आणि कादंबरी म्हटली की मार्तंडराव. बोरीवलीचे राहणारे, धिप्पाड गृहस्थ. एका राजावर तीन खंड लिहीत होते. दिवसाला पन्नास पानं लिहायची आणि चाळीस फाडायची, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या आंघोळीनंतर उरलेल्या पाण्यात सगळं घर न्हायचं. एकदा तर माझ्या वाफेने तळ्यावर असं धुकं दाटलं की दोन सुसरी वाट चुकून आरे कॉलनीत पोचल्या आणि दूध पिऊन परत आल्या. मी स्वतः पाहिलं नाही, पण सुसरी खोटं बोलत नाहीत.

ही रद्दी माझ्यात जाण्याआधी आणखी एका हातातून जायची. त्या हाताचं नाव मालन. मालन आणि तिचा नवरा धोंडू, दोघं कणकवलीकडची. धोंडू आधी गिरणीत होता, आता घराची राखण करायचा. मालन स्वयंपाक करायची आणि पहाटे मला पेटवायची. लहानपणी जेमतेम अक्षरओळख झालेली. ती एकेक चुरगळलेलं पान मांडीवर सरळ करून, बोट फिरवत वाचायची आणि मगच आत टाकायची. हे गुपित फक्त मला आणि धोंडूला ठाऊक.

"गे, पाणी तापव. वाचतस काय?" धोंडू म्हणायचा.

"राजा परत मेलो," मालन सांगायची. "ह्या वक्ताक घोड्यावरसून पडान. काल इख खावन मेल्लो."

"मरांदे. भाकरी टाक."

सत्तावन्न सालच्या डिसेंबरात सुनंदाबाई आल्या. घाटकोपरच्या. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. वर्षभर एकही रजा न घेता साठवलेले आठ दिवस, आणि पिशवीत एक वही. एवढंच त्यांनी आणलं होतं. त्या आठ दिवसांत वहीतली अर्धवट गोष्ट पुरी झाली नाही, तर पुन्हा वर्षभर दुसऱ्यांचीच पत्रं टाइप करायची होती.

पहिल्याच सकाळी त्या रिकाम्या हातांनी माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

मालनने विचारलं, "बाईनू, कागद?"

"नाहीत हो. मी फाडत नाही. एकच वही आहे."

मग काय, मार्तंडराव उठायच्या आधीची आंघोळ; नुसत्या ढलप्यांवर पाणी जेमतेम अंगावर घेण्याजोगं झालं. पवईची डिसेंबरातली थंडी! बाई कुडकुडत अथर्वशीर्ष म्हणत होत्या, तेही दीडपट वेगाने. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर त्या वऱ्हांड्यात वही उघडून बसायच्या. लेखणी उचलायच्या, ठेवायच्या. पान काही उलटत नव्हतं.

चौथ्या दुपारी मार्तंडरावांना राहवलं नाही. पाटी दारावर होती, तिच्याकडे त्यांनी पाठ केली आणि विचारलं, "काय बाई, किती झालं?"

सुनंदाबाईंनी वही पुढे केली. मार्तंडरावांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"हे किती वर्षांचं?"

"पाच."

"बाप परत येत नाही, हे पहिल्या पानातच कळतं की. मग पुढे काय राहिलं? अहो, बंबात घाला आणि नवं घ्या!" एवढं बोलून ते आपल्या राजाकडे गेले.

मित्रांनो, मार्तंडराव दुष्ट नव्हते. बंबात घालणं हे त्यांना दात घासण्यासारखं होतं. रोज चाळीस पानं घालणाऱ्याला एका वहीचं काय वाटणार? पण ज्याच्याकडे एकच वही असते, त्याला 'बंबात घाला' कसं ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पाचव्या सकाळी बाई आल्या त्या वही घेऊनच. मालन गोठ्यात गेली होती. बाईंनी माझं झाकण काढलं. वही छातीशी धरली, मग आत सोडली आणि पाठ फिरवून पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या तळ्याकडे बघत राहिल्या.

आता ऐका माझा पराक्रम. वहीचा कोपरा पेटला, आणि त्यातली ओळ मला दिसली. मिठागराच्या बांधावर एक मुलगी कंदील घेऊन उभी होती. भरती चढत होती. मी ठरवलं, ही मला पचायची नाही! पोटात कळ घेतली, श्वास कोंडला, होतं नव्हतं ते बळ एकवटलं, आणि नळीतल्या त्या भोकातून पाण्याची अशी धार सोडली की विस्तव चुर्रर्र करून गारद झाला. धोंडू म्हणतो, भोक दोन दिवसांपासून वाढतच होतं. म्हणू दे. मी सगळ्यांचं ऐकून घेतो.

धूर बघून मालन धावत आली. "अरे, इजलो मेलो!" म्हणत तिने सांडशी घातली आणि वही बाहेर ओढली. कडा करपलेल्या, मधलं सगळं शाबूत. बाई काही बोलणार, तेवढ्यात मालन खाली बसली. सवयीने तिचं बोट ओळीवर गेलं.

ती वाचत राहिली. मी थंड होत गेलो. आतून भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. धोंडू दारात येऊन उभा राहिला, पण त्या दिवशी त्यानेही हाक मारली नाही.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मालनने मान वर केली.

"मगे?"

"मग काय?" बाई म्हणाल्या.

"बापूस गावलो?"

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "नाही गं. त्यांची टोपी मिळाली. दोन दिवसांनी, मिठाच्या वाफ्यात. माझेच वडील ते. भांडुपच्या मिठागरावर मुकादम होते. टोपी मिळाली, गोष्ट संपली. ते लिहवत नाही, म्हणून पाच वर्षं मी त्या बांधावरच उभी आहे."

मालनने डोळे पुसले. पण वही काही सोडली नाही.

"बापसाचा झाला तां झाला. मगे त्या चेडवान काय केल्यान?"

"कोणत्या?"

"गे बाय, कंदील घेवन उभा रवलेला चेडू! ता घराक कसा गेला? आवशीक काय सांगल्यान? दुसऱ्या दिवशी जेवला की नाय?"

पाच वर्षांत त्या मुलीबद्दल सुनंदाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आधी कंदील विझवला तिने," त्या हळूच म्हणाल्या. "घरात तेल थोडं होतं." आणि त्या तिथेच पायरीवर लिहायला बसल्या, करपलेली वही गुडघ्यावर घेऊन. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही. दुपारी जेवायलाही धोंडूला दोनदा भांडं वाजवावं लागलं. त्यानंतर रोज सकाळी मालन विचारायची, "मगे?" आणि बाई सांगायच्या, "उद्या वाच." आठव्या दिवसापर्यंत वहीची पानं संपली आणि अनंतरावांच्या जुन्या कोर्टाच्या कागदांच्या पाठी वापरायला लागल्या.

निघायच्या सकाळी मार्तंडराव न्हाणीघरात आले. हातात जाडजूड गठ्ठा. त्यांनी तो पानापानाने माझ्यात घातला आणि म्हणाले, "सुनंदाबाई, आज पाणी आमच्याकडून. राजा गेला. या खेपेला कायमचा."

"ह्यो बारावो," मालन पुटपुटली.

मार्तंडरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. आपल्या तीन खंडांना एक वाचक आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. पाणी असं कढत झालं, की बाईंनी दोन बादल्या विसण घातलं. त्या दिवशी अथर्वशीर्ष सावकाश झालं.

मित्रांनो, आता माझं वय झालं. अनंतरावांचा पुतण्या म्हणतो, याच्या भोकाला डाख लावून घेऊ. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला चिंचेने घासा, राख रोज काढा, तोटी हळू फिरवा. पण डाख लावण्याआधी त्या भोकाने कधी काही वाचवलं होतं का, ते जरा चौकशी करून बघा. आणि कुणी भीतभीत आपली वही तुमच्यापुढे धरली, तर 'किती झालं' विचारू नका.

यंदा दिवाळीत सुनंदाबाईंचं पुस्तक टपालाने आलं. मालनने ते माझ्यापुढे बसून, पाणी तापेपर्यंत दोन-दोन पानं करत, वीस दिवसांत वाचलं. शेवटचं पान झालं. तिने पुस्तक मिटलं, पदराने पुसलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"मगे?"